लँटर्न्सच्या गोलरक्षकाची भाकरी

अर्जदार : प्रस्तुत लेखक, राहणार शॉमबर्ग, इलिनॉय. व्यवसाय, अर्ज व निवेदने लिहून देणे.
अर्ज ज्यांच्या वतीने : अर्जदाराच्या मातोश्री, राहणार सदर.
प्रतिपक्ष : श्री. डग्लस, व्यवसायाने आइस हॉकीचे गोलरक्षक, तत्कालीन संघ लँटर्न्स. आडनाव मला ज्ञात आहे. सौजन्य म्हणून लिहीत नाही.
कालावधी : एकोणीसशे ऐंशीच्या दशकातील एक हंगाम, पानगळीपासून बर्फ वितळेपर्यंत.
घटनास्थळ : मिशिगन राज्यातील ओतकामाच्या कारखान्यांचे एक गाव, तेथील आमचे भाड्याचे घर, विशेषेकरून स्वयंपाकघर.
साक्षीदार : (१) माझे वडील, हल्ली हयात नाहीत. (२) श्रीमती गर्टी, प्रेक्षक, ठावठिकाणा अज्ञात. (३) मी.

दुसऱ्यांसाठी अर्ज लिहिताना पार्श्वभूमी दोन ओळींत आटोपावी, असा माझा दंडक आहे. अर्जदाराला आपल्या जन्मापासून सांगायचे असते आणि वाचणाऱ्या साहेबाला केवळ मागणी हवी असते. हा दंडक मी आज स्वतःपुरता बाजूला ठेवीत आहे. माझे शालेय शिक्षण अपुरे आहे, हे नमूद करणे उचित होईल. अमेरिकेतील हायस्कूल मी पुरे केले नाही. पुढे काही वर्षे नागपुरास तहसील कचेरीसमोर मामांच्या टेबलाशी बसलो आणि अर्जलेखनाची विद्या तेथे संपादन केली. आज शॉमबर्गमधील मराठी मंडळी, गावाकडच्या जमिनीचा फेरफार किंवा वारसनोंद अडली की, शनिवारी सकाळी माझ्या दाराशी गाडी उभी करतात, आणि त्यांचे काम मी मनापासून करतो. हे सांगण्याचे कारण इतकेच की शब्द तोलून वापरण्याची मला सवय आहे. पुढील मजकुरात अतिशयोक्ती आढळणार नाही.

माझे वडील, ज्यांना मी बाबा म्हणत असे, ओतकामाच्या कारखान्यातील प्रयोगशाळेत धातूतज्ज्ञ होते. लोखंडाचे तुकडे कापून, घासून, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून, हा भाग कोठे तडकेल ते ते सांगत. आमच्या आजोबांच्या पिढीने बुद्धाचा धम्म स्वीकारला तेव्हा घरातले देव, नवस, अंगारे आणि उतारे सर्व एकदम सोडले गेले होते, आणि बाबांना या गोष्टीचा जेवढा अभिमान होता तेवढा स्वतःच्या पदवीचाही नव्हता. मांजर आडवे गेले तर ते मुद्दाम त्याच वाटेने जात. आईला, तिच्या भाषेत सांगायचे तर, हे सगळे पटत होते, पण पटल्यावर दुपारी करायचे काय हा प्रश्न उरत होता. नागपुरात तिच्या आजूबाजूला जावा होत्या, नणंदा होत्या, पाण्याच्या नळावर भांडायला तरी माणसे होती. येथे सकाळी बाबांची गाडी गेली, माझी शाळेची पिवळी बस गेली, की घर गरम ठेवणाऱ्या तळघरातल्या भट्टीचा घरघराट आणि छतावरून घसरणाऱ्या बर्फाचा आवाज, एवढेच उरे. तिला गाडी चालवता येत नव्हती आणि चालत जाण्याजोगे काही नव्हते. मी शाळेतून आल्यावर ती मराठीत विचारी आणि मी इंग्रजीत उत्तर देई. मलाही शाळेत मित्र नव्हता. जेवणाच्या सुट्टीत मी वाचनालयाच्या कोपऱ्यात डबा खात असे. म्हणजे एका घरात तीन माणसे होती आणि तिघांचे एकटेपण वेगवेगळ्या खोल्यांत होते.

लँटर्न्स हा त्या गावाचा व्यावसायिक आइस हॉकी संघ. व्यावसायिक असला तरी मोठ्या लीगच्या दोन पायऱ्या खालचा. त्यातील निम्मे खेळाडू वर जाण्याची वाट पाहणारे आणि निम्मे वरून खाली आलेले. अविवाहित खेळाडूंसाठी संघाचे लोक गावात खोल्या शोधत असत. बाबांच्या प्रयोगशाळेतल्या कोणीतरी आमच्या माडीवरची रिकामी खोली सुचवली, आणि ऑक्टोबरच्या एका दुपारी डग आमच्या दारात उभा राहिला. कॅनडातल्या गव्हाच्या शेतांतून आलेला, तिशीच्या अलीकडचा, हडकुळा, पुढचे दात खोटे. गोलरक्षक म्हणजे भिंतीसारखा माणूस असेल अशी माझी समजूत होती. त्याच्या मागून दोन पोती भरून सामान आले आणि सामानाच्या मागून त्याचा वास आला. पायांना बांधायची त्याची जाड चामडी पॅड तळघरात भट्टीशेजारी वाळत टाकलेली असत. ओल्या चामड्याचा तो वास वर येऊन आईच्या फोडणीच्या वासात मिसळे, आणि आजही कोठे चामड्याच्या दुकानात गेलो की मला क्षणभर मोहरी तडतडल्याचा भास होतो.

दुपारी तो तळघराच्या भिंतीवर टेनिसचा चेंडू फेकून झेलत बसे. डोळा आणि हात यांची ओळख टिकावी म्हणून, असे त्याने मला सांगितले होते. ठप्, आणि थोड्या वेळाने पुन्हा ठप्. आई वर तांदूळ निवडत असे. एकदा मी म्हणालो, की मी त्याला आवाज बंद करायला सांगतो. "राहू दे," ती म्हणाली. "घरात कोणी असल्यासारखं वाटतं." आमच्याकडे येणाऱ्या दोन-तीन मराठी कुटुंबांतली मुले आईला काकू म्हणत. ते ऐकून डगही तिला काकू म्हणू लागला, आणि बाबांना मात्र शेवटपर्यंत सर.

हंगामाची सुरुवात वाईट झाली. लँटर्न्स घरी हरले, बाहेर हरले, बसमधून रात्रभर प्रवास करून परत आले आणि पुन्हा घरी हरले. डगने मला सामन्यांचे पास दिले होते. माझी जागा श्रीमती गर्टी या बाईंच्या शेजारी होती. त्या कारखान्याच्या भांडारात काम करून निवृत्त झालेल्या, विधवा, आणि हातात गायीच्या गळ्यातली मोठी घंटा घेऊन बसणाऱ्या. हा खेळ मला त्यांनीच शिकवला. बर्फावर स्केट कापत जातात तेव्हा होणारी करकर, पक म्हणजे ती काळी रबरी चकती कडेच्या फळ्यांवर आदळल्याचा बंदुकीसारखा आवाज, आणि त्या सर्वांवर गर्टीबाईंचा आवाज. "पंच साहेब, माझा चष्मा देऊ का? नवऱ्याचाही घरी पडून आहे, तोही आणते." आणि मग माझ्याकडे वळून, अगदी हळू, "तुझा तो गोली चांगला आहे रे. त्याच्या पुढची पाच गाढवं आहेत." सामन्याच्या गोंगाटात माझ्याशी बोलणारे त्या गावातले ते एकमेव माणूस होते.

गोलरक्षक हा प्राणी वेगळा असतो, हेही मला त्यांनीच सांगितले. सामन्याच्या दिवशी त्याच्याशी कोणी बोलायचे नसते. डग डावा स्केट आधी बांधी. बर्फावर उतरल्यावर निळ्या रेषेवर पाय ठेवत नसे, ओलांडून जाई. गोलाच्या दोन्ही खांबांना काठीने हलके थोपटी. संघ जिंकला तर त्या दिवशी केलेली प्रत्येक गोष्ट पुढच्या सामन्याला तशीच करायची, आणि हरला तर काहीतरी बदलायचे, हा केवळ त्याचा नव्हे, साऱ्या संघाचा रिवाज होता. प्रशिक्षक हरल्यावर टाय बदलत असे. त्या नोव्हेंबरात त्याच्याजवळचे टाय संपत आले होते.

सामन्याच्या दिवशी दुपारी डग स्वतः मॅकरोनी उकडून खाई आणि झोपे. एके दिवशी रस्ते बर्फाने बंद होते, मॅकरोनीचा डबा रिकामा होता आणि शाळेला सुट्टी मिळाल्यामुळे मी घरी होतो. आई ज्वारीच्या भाकऱ्या थापत होती. शिकागोहून आणलेले पीठ तिने जपून ठेवलेले असे. ते जुने होऊन भाकरी तुटू नये म्हणून ती उकळत्या पाण्यात पीठ मळी, हाताला चटके बसले तरी. डग दारात उभा राहिला. त्या दिवशी बोलायचे नसते हे आईला ठाऊक होते. तिने काही न विचारता ताट वाढले : दोन भाकऱ्या, झुणका, लोण्याचा गोळा आणि कडेला, जराशी शंका घेत, मिरचीचा ठेचा. डगने काटा शोधला. आईने आपला उजवा हात पुढे करून भाकरीचा तुकडा मोडून दाखवला. त्याने तसा मोडला. ठेच्याने त्याच्या डोळ्यांतून पाणी आले, तरी तो बोलला नाही, कारण दिवस न बोलण्याचा होता. त्या संध्याकाळी लँटर्न्स जिंकले.

पुढच्या सामन्याच्या दिवशी तो त्याच वेळी खाली आला आणि त्याच खुर्चीवर बसला. आईने मागे वळून पाहिले आणि ती परात घेऊन बसली. लँटर्न्स पुन्हा जिंकले. डिसेंबर येईपर्यंत घरच्या प्रत्येक सामन्याला भाकरी ठरून गेली. शिकागोची फेरी केवळ पिठासाठी होऊ लागली. ती दोघे एकमेकांशी शब्दही बोलत नसत. तो खाई आणि ती ओट्याला टेकून उभी राही, आणि त्या अर्ध्या तासात आईच्या चेहऱ्यावर जे समाधान असे, ते मी तिच्या चेहऱ्यावर आधी पाहिलेले नव्हते.

नाताळच्या सुमाराची गोष्ट. मी घरी होतो आणि मदत म्हणून तव्यावरची भाकरी उचलून मीच डगच्या ताटात टाकली. त्याने ती पाहिली, दोन बोटांनी उचलून ताटाबाहेर ठेवली आणि आईकडे पाहत बसून राहिला. काय झाले, असे मी विचारले. त्याने मौन मोडले, हे विशेष. तो बोले इंग्रजीत; मी मराठीत देतो.

"वाईट वाटून घेऊ नको. काकूंच्या हातची हवी. त्यांनी थापलेली, त्यांनी वाढलेली. दुसऱ्या कोणाचा हात लागलेला चालत नाही."

मी भाषांतर करणार तोच आई म्हणाली, "समजलं मला." तिने नवी भाकरी त्याच्या ताटात घातली आणि पदराला हात पुसत राहिली, पुष्कळ वेळ. रात्रीच्या जेवणाला तिने ते बाबांना सांगितले. सांगताना ती हसत होती. "माझ्या आईनं जन्मभर दुसऱ्यांच्या अंगणात ओंजळ पुढे करून वरून पाणी घेतलं. तिच्या हातचा पेला आमच्या गावात कोणी तोंडाला लावला नाही. आणि हा म्हणतो, दुसऱ्याचा हात लागलेली नको, तुमच्याच हातची पाहिजे."

बाबा जेवायचे थांबले. "हे तुला चांगलं वाटतंय?"

"वाटतंय."

"ज्या डोक्यानं तुझ्या आईच्या हातात विटाळ पाहिला, त्याच डोक्यानं हा तुझ्या हातात लक पाहतोय. हात पवित्र नसतो, अपवित्रही नसतो. तो हात असतो. एवढं एक समजून घ्यायला आपल्या लोकांना किती पिढ्या लागल्या."

"तुमचं बरोबर आहे," आई म्हणाली आणि त्यांच्या ताटात भाजी वाढली. "पण मला तेवढं बरं वाटतं, तर वाटू द्या."

त्या दिवसापासून, निदान माझ्या दृष्टीने, हंगामाचा अर्थ पक्का झाला. लँटर्न्स जिंकत होते तोवर कोणीतरी आईच्या हातची, आणि केवळ तिच्या हातची, भाकरी मागत होते. हंगामाअखेरच्या प्लेऑफ फेरीत संघ पोचला तर डग एप्रिलपर्यंत राहणार होता. न पोचला तर मार्चमध्येच माडी रिकामी होणार होती. मी रोज वर्तमानपत्रातला गुणतक्ता पाही आणि आई मला नेहमीप्रमाणे मराठीत विचारी, आणि मी, हे मला आत्ता लिहिताना लक्षात येते, मराठीत उत्तर देऊ लागलो होतो. तिने एकदा तरी सामना पाहायला यावे, असे मला वाटे. पण ती म्हणाली, "मी तिथं गेले नव्हते तेव्हा तो जिंकला ना? मग कशाला?" आणि बाबांनी कपाळावर हात मारला.

बाबांनी डगला सुधारण्याचा प्रयत्न केला नाही असे नाही. सामना नसलेल्या दिवशी ते त्याला समोर बसवून नाणे उडवण्याचा हिशेब सांगत. डग नम्रपणे ऐके. "सर, तुमचं सगळं खरं आहे. पण तुमच्या लोखंडाला भीती वाटत नाही." बाबांनी हे वाक्य अनेकदा उगाळले. "आम्ही नवस सोडले," ते म्हणत, "आणि हा आमच्याच स्वयंपाकघरात नवस फेडतो आहे."

फेब्रुवारीअखेर लँटर्न्स इतके वर आले होते की घरचा शेवटचा सामना जिंकला तर प्लेऑफ, हरला तर घरी. त्याच आठवड्यात आईला फ्लू झाला. सामन्याच्या दिवशी शनिवार होता, बाबा घरी होते आणि आईला उठून बसवत नव्हते. तरी ती भिंतीला धरून स्वयंपाकघराकडे निघाली. बाबांनी तिला परत नेऊन पलंगावर बसवले.

"आज मी करतो," ते म्हणाले.

"तुम्ही? तुम्हाला पीठ मळता येत नाही."

"प्रयोगशाळेत वीस वर्षं काढली मी. कृती सांग."

आईने कृती सांगितली. मग म्हणाली, "त्याला सांगा, मी आजारी आहे म्हणून. तो समजून घेईल."

"सांगणार नाही. तू केलीस असंच सांगणार." बाबांचा चेहरा मला अजून दिसतो. महत्त्वाचा तुकडा भिंगाखाली ठेवण्यापूर्वी होत असावा तसा. "एकदा त्याला माहीत नसताना होऊ दे. मग आपण पाहू, भाकरीत काय आहे आणि हातात काय आहे."

बाबा माझ्या आठवणीत आयुष्यात एकदाच खोटे बोलले, आणि ते सत्यासाठी बोलले. स्वयंपाकघरातून बराच वेळ आदळआपट ऐकू येत होती. आईने खोलीतून विचारले, "पाणी उकळतं घेतलंत ना?" बाबा म्हणाले, "घेतलं," पण घेतलेले नसावे, कारण भाकरी थापताच तिला चहूबाजूंनी भेगा पडल्या. डग खाली आला तेव्हा ताट टेबलावर तयार होते. बाबा म्हणाले, की काकूंचे डोके दुखते आहे, भाकरी करून त्या पडल्या आहेत. डगने मान हलवली आणि तुकडे गोळा करून झुणक्याला लावून सगळे खाल्ले. खोलीचे दार उघडे होते. आई कुशीवर वळून भिंतीकडे तोंड करून पडली होती. ती झोपलेली नव्हती.

त्या संध्याकाळी बाबा पहिल्यांदा माझ्याबरोबर रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, आले. गर्टीबाईंनी त्यांना सरकून जागा दिली आणि विचारले, "तुम्हीच का ते, तुमच्या घरी आमचा गोली काहीतरी जादूची पोळी खातो म्हणतात?" बाबा म्हणाले, "जादू नाही. ज्वारी." सामन्याबद्दल मी लांबण लावणार नाही. डगने जे केले ते मी पुन्हा कधी पाहिले नाही. तो बर्फावर आडवा पडून, उलटा वळून, एकदा तर हातातली काठी गमावून नुसत्या बुटाने पक अडवत होता. शेवटच्या मिनिटांत सगळे गाव उभे होते, गर्टीबाईंची घंटा थांबत नव्हती, आणि बाबा, जे कधी कोणत्याही खेळासाठी उभे राहिले नव्हते, कोटाची दोन्ही टोके मुठीत धरून उभे होते. लँटर्न्स एका गोलाने जिंकले. समोरच्यांना एकही करता आला नाही. मी आनंदात होतो, कारण आता माडी एप्रिलपर्यंत भरलेली राहणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी डगला सांगितले. शांतपणे, पायरीपायरीने, कोणालाही कमी न लेखता. भाकरी कोणी केली, कशी केली, ती कशी मोडली, आणि तरीही काय झाले. "म्हणजे जे काही होतं ते तुझ्यात होतं," ते म्हणाले. "कोणाच्या हातात नाही." मला आजही वाटते की एका माणसाने दुसऱ्याला दिलेली ती फार मोठी भेट होती. डगने माझ्याकडे पाहून विचारले, "खरं?" मी मान हलवली. तो हसू लागला, खोटे दात हातात काढून घेऊन हसला. बाबाही हसले. आई ताप उतरून, शाल पांघरून, चहा घेत बसली होती. ती हसली नाही आणि रागावलीही नाही.

प्लेऑफचा पहिला सामना घरी होता. आईने त्या दिवशी सकाळपासून तयारी केली होती; पिठाचे नवे पाकीट फोडले होते. मी शाळा बुडवली होती. डग ठरल्या वेळी खाली आला, पण खुर्चीवर बसला नाही. दारात उभा राहून टोपी दोन्ही हातांत फिरवू लागला.

"काकू," तो म्हणाला, "माफ करा. आजची सरांनी केली तर चालेल का?"

मी त्याचे भाषांतर केले नाही. गरज नव्हती. आईच्या हातात थापायला घेतलेला गोळा होता. तो तिने परातीत परत ठेवला, वर ओले फडके घातले, हात धुतले, आणि भिंतीवरच्या फोनकडे जाऊन बाबांच्या प्रयोगशाळेचा नंबर फिरवला. कामाच्या वेळी तिने त्यांना कधी फोन केला नव्हता. पलीकडचे शब्द मला ऐकू आले नाहीत. तिचे आले.

"घरी या. भाकरी करायची आहे." मग बराच वेळ ऐकून, "हो, माहीत आहे अंधश्रद्धा आहे. तुम्ही पुजारी होऊ नका, भाकरी करा." पुन्हा ऐकून, "मग सांगायला नको होतं त्याला." आणि शेवटी, अगदी सपाट आवाजात, "त्या मुलाला मी उपाशी खेळायला पाठवणार नाही."

बाबा आले. बूट न काढता, कोटासकट, ते परातीपुढे बसले. आईने नव्या पिठावर उकळते पाणी ओतून दिले, पण पिठाला बोट लावले नाही. ती दोन्ही हात मागे धरून उभी राहिली आणि "आता वळवा, कडेनं दाबा, फार नाही" असे सांगत राहिली. बाबांचे बोट तव्याला भाजले. डग मान खाली घालून बसला होता. मला वाटते, आम्हा चौघांपैकी त्या दुपारी कोणालाच ती भाकरी नको होती, पण ती भाजली जात होती. त्या संध्याकाळी लँटर्न्स हरले.

मग रिवाजाप्रमाणे काहीतरी बदलणे आले. पुढच्या सामन्याला डगने स्वतः मॅकरोनी उकडली. त्याने आईला सांगितले, की आता तसदी नको. आई म्हणाली, "ओके." तो सामनाही गेला आणि त्यापुढचाही, आणि बर्फ पुरते वितळण्यापूर्वीच हंगाम संपला. वर्तमानपत्राने लिहिले, की लँटर्न्सनी अपेक्षेपेक्षा बरे केले. एके सकाळी डगने दोन्ही पोती गाडीत टाकली. आईने त्याला टोस्ट आणि अंडी करून दिली होती. तो दारात म्हणाला, "काकू, जेवणासाठी आभार." ती म्हणाली, "वेलकम." त्याची गाडी वळणावर दिसेनाशी झाल्यावर ती तळघरात गेली आणि भट्टीशेजारची जागा झाडून आली. पुढल्या वर्षी संघच दुसऱ्या गावाला गेला. डगचे काय झाले, तो वर पोचला की गव्हाच्या शेतात परतला, आम्हाला कळले नाही.

त्यानंतर आईने गाडी शिकून घेतली आणि एका हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात नोकरी धरली. निवृत्त होईपर्यंत ती रबरी मोजे घालून ताटे भरत होती. खाणाऱ्याला कोणाच्या हातचे आहे हे दिसत नसे. बाबा अखेरपर्यंत म्हणत की प्रयोग बरोबर होता, आणि आई अखेरपर्यंत म्हणे, की हो, बरोबर होता. त्यांच्यात यावरून कधी वाद झाला नाही. वाद झाला असता तर बरे झाले असते, असे मला पुष्कळदा वाटले.

अलीकडे, एका दुपारी, मी कोणाची तरी वारसनोंद लिहीत बसलो असता आईने पलंगावरून विचारले, "त्याला ती भाकरी आवडायची का रे? का औषध घेतात तशी खायचा?" कोणाबद्दल ते तिने सांगितले नाही आणि मला विचारावे लागले नाही. मी उत्तर दिले नाही, कारण ते माझ्याजवळ नाही. पुरावे परस्परविरोधी आहेत. सामना नसलेल्या दिवशी श्री. डग्लस यांनी एकदाही भाकरी मागितली नाही. पिझ्झा आणून खाल्ला, हे माझ्या डोळ्यांदेखत घडलेले आहे. उलटपक्षी, जानेवारीतल्या, सामना नसलेल्या एका दुपारी, आई खोलीत झोपलेली असताना, त्यांनी टोपलीतली शिळी अर्धी भाकरी काढून, तिला जॅम लावून, खिडकीपाशी उभे राहून खाल्ली, हेही मी पाहिलेले आहे. पण ती भूक असू शकेल. त्यावरून निष्कर्ष काढणे मला शक्य नाही, आणि आईला अर्धवट पुरावा सांगणे मला योग्य वाटले नाही.

सबब विनंती की, श्री. डग्लस यांच्या अथवा त्यांना ओळखणाऱ्या कोणाच्याही नजरेस हा मजकूर आल्यास, त्यांनी पुढील एवढ्याच मुद्द्यावर लेखी किंवा तोंडी खुलासा करावा : जिंकणे-हरणे बाजूला ठेवून, ती भाकरी त्यांना आवडत होती किंवा नव्हती. कारणे देण्याची आवश्यकता नाही. बाबांच्या प्रयोगाबद्दल, किंवा त्यानंतर त्यांनी आईऐवजी बाबांच्या हातची मागितली याबद्दल, आमची कोणतीही तक्रार शिल्लक नाही, आणि ती पुढे केली जाणार नाही, याची हमी मी देतो. उत्तर होकारार्थी असल्यास मी ते आईला वाचून दाखवीन. नकारार्थी असल्यास तेही निःसंकोच कळवावे. तिला ते कोणत्या शब्दांत सांगायचे, हे मी पाहून घेईन. मातोश्रींचे वय लक्षात घेऊन विलंब होऊ नये.

आपला विश्वासू,
अर्जदार